वर्गातील शंका आणि सरकारी परवाना

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील डेटन या लहानशा गावी १९२५ सालच्या जुलै महिन्यात जॉन स्कोप्स नावाच्या चोवीस वर्षांच्या एका शाळामास्तरावर खटला चालला. मनुष्यप्राणी हा खालच्या प्रतीच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असे त्याने सरकारी शाळेत शिकविले, हा त्याचा अपराध. आणि त्यास अपराध ठरविणारा कायदा त्या राज्याने त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात केलेला होता. ज्यूरीला निर्णय करावयास नऊ मिनिटे पुरली. शंभर डॉलर दंड झाला. पुढे दीड वर्षाने वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, परंतु दंडाची रक्कम ज्यूरीऐवजी न्यायाधीशाने ठरविली एवढ्याच तांत्रिक कारणावरून. कायद्याच्या केसालाही धक्का लागला नाही; तो १९६७ सालापर्यंत त्या राज्यात सुखाने नांदला.

या खटल्याला २०२५ च्या जुलैत शंभर वर्षे पूर्ण झाली. डॅरो आणि ब्रायन या दोन नामांकित वक्त्यांची तेथे झालेली झुंज आजवर नाटक-सिनेमांतून पुष्कळ रंगविली गेली आहे. ती पुन्हा रंगविण्याचा आमचा विचार नाही. आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. त्याच टेनेसी राज्याने २०१२ साली याच विषयावर दुसरा एक कायदा केला, आणि त्याची भाषा पहिल्या कायद्याच्या अगदी उलट आहे. पहिला कायदा शिक्षकाला म्हणत होता, 'खबरदार, बोलशील तर!' दुसरा म्हणतो, 'मोकळेपणाने बोल. तुला कोणी अडविणार नाही.' प्रचलित वैज्ञानिक सिद्धांतांतील बलस्थाने आणि उणिवा विद्यार्थ्यांना समजून घेण्यास, तपासण्यास व त्यांवर टीका करण्यास शिक्षकाने साहाय्य केले, तर कोणत्याही अधिकाऱ्याने त्यास मनाई करू नये, असे हा कायदा सांगतो. लुइझियाना राज्याने २००८ साली याच धर्तीचा कायदा केला होता, आणि त्यावर ज्या गव्हर्नरांनी सही केली ते बॉबी जिंदाल पंजाबी आईबापांचे पुत्र आणि जीवशास्त्राचे पदवीधर! टेनेसीच्या गव्हर्नरांनी मात्र सही न करताच विधेयक परत पाठविले. चांगल्या कायद्याने स्पष्टता यावी, गोंधळ वाढू नये, आणि हा कायदा त्या कसोटीस उतरत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. तरीही तो कायदा झालाच.

वरवर पाहता या भाषेत कोणाही सुबुद्ध माणसाला काय वावगे दिसावे? वर्गात वाद व्हावा, विद्यार्थ्याने शंका घ्यावी, शिक्षकाने निर्भयपणे बोलावे, हे तर आम्ही वर्षानुवर्षे मागत आलो आहोत. मग अमेरिकेतील वैज्ञानिकांच्या संस्थांनी आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांनी या कायद्यांना कडाडून विरोध का केला? याचे उत्तर कायद्यातच आहे. कोणते सिद्धांत तपासावेत याची उदाहरणे त्यात दिली आहेत: जीवसृष्टीची उत्क्रांती, जीवनाचा रासायनिक उगम, पृथ्वीचे तापमान वाढणे आणि मानवी प्रतिकृती. गुरुत्वाकर्षणाच्या उणिवा तपासा असे कायदा म्हणत नाही. अणूच्या रचनेविषयी विधिमंडळाला शंका नाही. विद्यार्थ्यांची चिकित्सक बुद्धी वाढावी एवढाच हेतू असता, तर ती नेमकी याच चार ठिकाणी वाढावी असा आग्रह कशाला? ज्या प्रश्नांवर प्रयोगशाळेत वाद आहे ते येथे निवडलेले नाहीत. ज्यांवर प्रार्थनामंदिरात आणि निवडणुकीच्या सभेत वाद आहे ते निवडलेले आहेत.

यामागचा इतिहास जाणल्याशिवाय या शब्दांची किंमत कळावयाची नाही. उत्क्रांती शिकविण्यास सरळ बंदी घालणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली घटनाविरोधी ठरविले. त्यानंतर लुइझियानाने १९८१ मध्ये 'समतोल वागणुकी'चा कायदा केला. उत्क्रांती शिकवाल तर ईश्वरनिर्मितीचे 'शास्त्र'ही तेवढेच शिकवा, असे त्याचे म्हणणे. बहात्तर नोबेल पारितोषिक-विजेत्यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे निवेदन दिले आणि १९८७ साली तोही कायदा गेला. मग 'ईश्वर' हा शब्द गळाला आणि 'बुद्धिमान योजना' हा शब्द पुढे आला. या नव्या वेशाचा पंचनामा २००५ साली पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या खटल्यात जसा झाला तसा अन्यत्र क्वचितच झाला असेल. त्या मताच्या शालेय पुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयापुढे आले, तेव्हा असे दिसले की, १९८७ च्या निकालानंतर 'निर्मितीवादी' हा शब्द जेथे जेथे होता तेथे तेथे 'योजनेचे पुरस्कर्ते' हा शब्द घालण्यात आला होता. आणि एके ठिकाणी तर बदल करणाऱ्याच्या गडबडीत जुना शब्द अर्धवट पुसला जाऊन दोन्ही शब्दांची विचित्र खिचडी तशीच राहून गेली होती. या मताच्या बाजूने साक्ष देणाऱ्या प्राध्यापकांना उलटतपासणीत हेही कबूल करावे लागले की, विज्ञानाची त्यांची व्याख्या मान्य केली तर फलज्योतिषही तिच्यात बसेल! न्यायमूर्ती जोन्स यांनी एकशे एकोणचाळीस पानांचे निकालपत्र लिहून हे विज्ञान नव्हे असा निर्वाळा दिला. हे न्यायमूर्ती अध्यक्ष बुश यांनीच नेमलेले होते. शाळामंडळाला दाव्याच्या खर्चापोटी सुमारे दहा लक्ष डॉलर भरावे लागले, आणि निकालापूर्वीच झालेल्या निवडणुकीत मतदारांनी त्या मंडळाच्या सभासदांना घरी बसविले.

पण डोव्हरच्या प्रकरणातील आम्हाला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट न्यायालयात घडली नाही. ती त्या अगोदर शाळेत घडली. उत्क्रांती ही केवळ एक उपपत्ती आहे, तिच्यात त्रुटी आहेत, दुसरे मतही पाहावे, अशा आशयाचे चार परिच्छेदांचे एक निवेदन नववीच्या मुलांना वाचून दाखवावे, असा हुकूम शाळामंडळाने काढला. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला. जे असत्य आहे असे आपणास ठाऊक आहे ते विद्यार्थ्यांना जाणूनबुजून सांगणे आपल्या व्यवसायाच्या नीतिनियमांत बसत नाही, असे त्यांनी लेखी कळविले. तेव्हा शाळेचे वरिष्ठ अधिकारी स्वतः वर्गात गेले, त्यांनी ते निवेदन वाचले आणि मुलांना बजावले की, या विषयावर यापुढे काही चर्चा होणार नाही व तुमचे शिक्षक यासंबंधीच्या प्रश्नांना उत्तरे देणार नाहीत! वाचकांनी या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. मोकळ्या वादाचा ज्यांनी एवढा पुकारा केला त्यांच्या वादात प्रश्न विचारण्यास मनाई होती. आणि अध्यापनस्वातंत्र्य त्या दिवशी त्या शाळेत कोठे होते असे कोणी विचारले, तर ते निवेदन वाचणाऱ्यांच्या मुखात नव्हते; ते न वाचणाऱ्यांच्या नकारात होते.

येथपर्यंत आमचे पुष्कळ वाचक आमच्याशी सहमत होतील. परंतु विज्ञानाच्या बाजूने उभे राहणाऱ्या काही मित्रांना न रुचणारी गोष्टही आम्हाला सांगितली पाहिजे. डेटनच्या खटल्यात ज्या पाठ्यपुस्तकाचा एवढा गाजावाजा झाला, ते हंटर यांचे १९१४ सालचे जीवशास्त्राचे पुस्तक आज कोणी उघडून पाहील तर त्यास धक्का बसेल. त्यात मानवाचे पाच वंश सांगून गोऱ्यांना सर्वांत वरच्या पायरीवर बसविले आहे. गुन्हेगारीची व मतिमंदतेची परंपरा असलेल्या कुटुंबांना समाजावरील बांडगुळे ठरवून त्यांची वाढ रोखण्याचा उपदेश केला आहे. हे सारे 'विज्ञान' म्हणूनच मुलांपुढे ठेवले होते, आणि पुस्तक सरकारमान्य होते. तीन वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढविलेले ब्रायन डार्विनला विरोध करीत होते, त्यात धर्मग्रंथावरील आंधळी श्रद्धा होती यात संशय नाही. पण 'बळी तो कान पिळी' हा निसर्गाचा नियम म्हणून मुलांना शिकविला जाईल ही त्यांची धास्ती निव्वळ वेडगळ नव्हती. तथापि ही घाण पाठ्यपुस्तकांतून निघाली ती कोणत्या मार्गाने? टेनेसीच्या कायद्याने ती निघाली नाही. त्या कायद्याचा त्या पानांवर आक्षेपच नव्हता. आनुवंशिकीच्या आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनीच तिच्यातील पोकळपणा दाखविला. पुढे भारतात येऊन भारताचे नागरिक झालेले हॉल्डेन हे अशा अभ्यासकांपैकी एक. त्यांनी १९३८ सालीच या वंशशुद्धीच्या शास्त्राची चिरफाड करणारे पुस्तक लिहिले. विज्ञान चुकते, परंतु त्याची चूक दाखविण्याचे साधन विधेयक हे नसून पुरावा हे आहे.

म्हणून वर्गात वाद नकोच, पुस्तकात छापले ते मुलांनी मुकाट्याने घोकावे, असे जे काही विज्ञाननिष्ठ म्हणविणारे लोकही सुचवितात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. आमची तक्रार उलट आहे: आमच्या शाळांतून खरा वाद फारच थोडा होतो. आणि त्यासाठी अमेरिकेच्या विधिमंडळांकडून विषयांची यादी मागविण्याची गरज नाही. तो आमच्या पायाखालीच आहे.

पुण्याचा विद्यार्थी सिंहगडावर चढतो तेव्हा ज्या काळ्या पाषाणावर पाऊल ठेवतो, तो पाषाण सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्ह्याचा आहे. त्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून सह्याद्रीसह दख्खनचे पठार घडले. आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. त्याच सुमारास पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले. ते कशाने? अमेरिकन शास्त्रज्ञ लुई अल्वारेझ व त्यांचे पुत्र वॉल्टर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८० साली असे मांडले की, आकाशातून एक प्रचंड अशनी येऊन आदळला. त्या काळच्या मातीच्या थरात इरिडियम हे पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ असणारे मूलद्रव्य अतोनात सापडते हा त्यांचा पुरावा. पुढे मेक्सिकोच्या किनाऱ्यापाशी सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर व्यासाचे विवर ओळखले गेले आणि या मताचे पारडे जड झाले. परंतु आमच्या दख्खनच्या ज्वालामुखीने हवेत सोडलेल्या वायूंचे काय? काही भूशास्त्रज्ञ अजूनही मुख्य दोष त्यालाच देतात. २०१९ साली दोन संशोधकगटांनी सह्याद्रीच्या खडकांचे वय दोन निराळ्या पद्धतींनी मोजून एकाच वेळी प्रसिद्ध केले. एकाच्या मते लाव्ह्याचा एक मोठा लोंढा आघाताच्या काही दशसहस्र वर्षे आधीच आलेला होता. दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा आघातानंतर वाहिला. हा अस्सल वाद आहे. दहावीच्या मुलाला तो समजू शकतो. त्यात त्याने आज एक बाजू घ्यावी आणि उद्या पुरावा पाहून ती सोडावी. गुरुजींनाही 'मला अद्याप ठाऊक नाही' असे म्हणण्याची मुभा असावी. पण लक्षात घेण्यासारखे हे की, हे दोन्ही पक्ष एकमेकांशी भांडताना खडकांचे वय कोट्यवधी वर्षांचे आहे आणि जीवजाती काळाच्या ओघात बदलतात, या भूमीवर उभे राहूनच भांडतात. ती भूमीच वादग्रस्त आहे असे मुलांना सांगणे म्हणजे त्यांना वाद शिकविणे नव्हे. त्यांची ती फसवणूक होय.

एकटा माणूस सर्व पंडितांविरुद्ध उभा राहिला आणि अखेर तोच खरा ठरला, असेही घडले आहे, हे आम्हाला मान्य आहे. वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ साली भूखंडे सरकतात असे म्हटले तेव्हा त्याची टवाळी झाली. १९३० साली तो ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला तेव्हाही बहुतेकांच्या लेखी तो चुकलेलाच होता. १९६० नंतर समुद्रतळाच्या खडकांतील चुंबकीय पट्टे तपासले गेले आणि मग तोच विचार पाठ्यपुस्तकात आला. आधी समुद्रतळ, मग पुस्तक. वेगेनरच्या अनुयायांनी मुलांच्या पुस्तकात जागा मिळविण्यासाठी कायदा मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे या गोष्टी घडतच नाहीत अशा समजुतीत कोणी राहू नये. २००१ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत सुरू करण्याचे ठरविले. त्याविरुद्ध वैज्ञानिक सर्वोच्च न्यायालयात गेले, परंतु २००४ साली न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. डोव्हरच्या साक्षीदाराने नाइलाजाने जे कबूल केले, ते आम्ही आधीच राजीखुषीने स्वीकारले होते! या बाबतीत योग्य मार्ग कोणता, तो पुण्यातच दाखविला गेला. जयंत नारळीकर यांनी संख्याशास्त्रज्ञांच्या आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने २००८ साली ज्योतिषांची परीक्षा घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविण्यात आल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या मुलाची हे ओळखण्यास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरे दिली. बरोबर आलेली उत्तरे सरासरीने शेकडा सेहेचाळीस. नाणे उडविले असते तर पन्नास आली असती. या परीक्षेत ज्योतिषांचा अपमान नव्हता. त्यांच्या म्हणण्याला विज्ञान म्हणून जेवढा मान देता येईल तेवढा तेथे दिला गेला, म्हणजे ते तपासले गेले. हा प्रयोग कोणत्याही शाळेतील नववीचा वर्ग करू शकेल.

जानेवारी २०१८ मध्ये त्या वेळचे केंद्रीय शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक असून तो अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे असे विधान केले. वानराचा मनुष्य होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, हा त्यांचा मुद्दा. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा संयुक्त निषेध केला आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकाऱ्यास अशी विधाने टाळण्यास सांगितले. प्रकरण मिटले असे सर्वांना वाटले. त्या विधानाला निदान उत्तर देता आले, कारण ते उघडपणे केले होते. पुढे जे झाले त्याला उत्तर देण्याची संधीच कोणास मिळाली नाही. महामारीच्या काळात मुलांवरील ओझे हलके करावयाचे म्हणून राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेने २०२२ साली आपल्या पुस्तकांना कात्री लावली आणि दहावीच्या 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या प्रकरणातून उत्क्रांती गेली, आनुवंशिकता तेवढी उरली. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचे प्रकरणही दहावीतून गेले. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी पत्रक काढून उत्क्रांतीचा भाग परत घेण्याची मागणी केली. हा भाग बारावीत आहेच, असे उत्तर मिळाले. आहे, हे खरे. पण तो जीवशास्त्र घेणाऱ्यांना. दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे जाणाऱ्या मुलाने तो कोठे वाचावा?

आमच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या २०१८ सालच्या विज्ञानपुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा अगदी पहिलाच पाठ आहे, याचा आम्हास अभिमान वाटतो. परंतु त्यावरून महाराष्ट्राने फार शेखी मिरवू नये. डेटनचा खटला झाला त्याच वर्षी, १९२५ मध्ये, गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांना संततिनियमनाचा प्रचार केल्याबद्दल मुंबईच्या विल्सन कॉलेजातील आपली जागा सोडावी लागली. स्कोप्सला निदान खटला तरी मिळाला, डॅरोसारखा वकील मिळाला, जगभरचे बातमीदार मिळाले. आमच्याकडे माणूस नोकरीतून जातो किंवा पाठ पुस्तकातून जातो, आणि त्याचा आवाजही होत नाही.

अमेरिकेतील कायदे 'स्वातंत्र्य' हा शब्द वापरतात. आमच्याकडील कात्री 'ओझे' हा शब्द वापरते. दोन्ही ठिकाणी ज्याला विचारले जात नाही तो माणूस एकच, वर्गात उभा राहणारा शिक्षक. त्याच्यापुढे मुले रोज प्रश्न ठेवतात. माकडापासून माणूस झाला, तर मग आज माकडे उरली कशी, हा प्रश्न उत्क्रांतीच्या प्रत्येक तासाला येतोच येतो. तो उर्मटपणा नव्हे. त्याला उत्तर आहे: आजच्या माकडापासून माणूस झालेला नाही, चिंपांझी आणि माणूस यांचे पूर्वज एक होते आणि त्यांच्या वाटा साठ-सत्तर लक्ष वर्षांपूर्वी फुटल्या; चुलतभाऊ हयात आहेत म्हणून आजोबा झालेच नव्हते, असे आपण म्हणत नाही. पण हे उत्तर देण्यास पाठ हवा, वेळ हवा आणि वरिष्ठांकडे कोणी तक्रार करील ही भीती मनात नसावी. मुलाच्या घरी निराळी श्रद्धा असेल. तिची टिंगल करण्याचा अधिकार शिक्षकाला नाही, आणि त्या श्रद्धेपायी उत्तर गिळण्याची सक्तीही त्याच्यावर नसावी.

तेव्हा आमची मागणी अशी आहे. विज्ञानाच्या पुस्तकातून एखादे प्रकरण काढावयाचे असेल तर ते कोणत्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने व कोणत्या कारणाने, हे काढण्यापूर्वी प्रसिद्ध करावे. ते शिकविणाऱ्या शिक्षकांकडून हरकती मागवाव्यात आणि त्या हरकतींना लेखी उत्तरे द्यावीत. सिनेमागृहाचा परवाना देताना जेवढी जाहीर सूचना काढली जाते, तेवढी तरी डार्विनच्या वाट्याला यावी! आणि २०२३ साली व त्यानंतर कात्री लागलेले पुस्तक वाचून दहावी उत्तीर्ण झालेली आणि विज्ञान सोडून गेलेली जी मुले आहेत, त्यांच्यासाठी परिषद काय करणार आहे, तेही तिने सांगावे.